बोटीवरचा दस्तरखान

आपल्या घरांत परदेशी सहलीचा बेत निघाला की विमान कुठलं, हॉटेल कुठलं हे प्रश्न नंतर येतात. पहिला प्रश्न असतो, ‘तिथं खायचं काय?’ वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर हा प्रश्न आणखी मोठा होतो. मग बॅगेत खाकरे, चिवडा, लोणच्याच्या बरण्या आणि इलेक्ट्रिक कुकर कोंबला जातो, आणि घरातल्या बायका सुट्टीतही हॉटेलच्या खोलीत खिचडी लावत बसतात. समुद्रावर तर अडचण दुप्पट. जमिनीवर एक हॉटेल आवडलं नाही तर दुसऱ्यात जाता येतं. बोटीवर जे शिजेल तेच जेवायचं.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आठ जण सिंगापूरहून तीन रात्रींच्या क्रूझला गेलो. मी, मुलांचे अब्बा, अकरावीतला मुलगा, सातवीतली मुलगी, माझी अम्मी, आणि माझी नणंद, तिचे शोहर व त्यांचा मुलगा. परत आल्यापासून शाळेच्या स्टाफरूममध्ये, नातेवाइकांत आणि शेजारीपाजारी, ज्यानं त्यानं समुद्राबद्दल कमी आणि जेवणाबद्दल जास्त विचारलं. म्हणून हा लेख जेवणाबद्दलच.

हलाल कुठं आणि कसं

आमचं जहाज होतं ‘जेंटिंग ड्रीम’. 2016 साली जर्मनीत बांधलेलं, 335 मीटर लांब, तीन हजारांहून अधिक प्रवासी घेणारं. 2022 च्या जूनपासून ते सिंगापूरहून फेऱ्या करू लागलं. हेच जहाज निवडण्याचं आमचं कारण साधं होतं. इस्लामी सहकार्य संघटनेच्या देशांची एसएमआयआयसी नावाची एक मानकसंस्था आहे. तिच्या निकषांनुसार या जहाजाला ‘हलाल-फ्रेंडली’ असल्याचं प्रमाणपत्र मिळालेलं आहे.

या शब्दाचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. जहाजावरचं सगळंच हलाल, असा तो नाही. बोटीवर अनेक रेस्टॉरंट आहेत, बार आहेत, कॅसिनो आहे आणि काही ठिकाणी डुकराचं मांसही शिजतं. हलाल जेवणाची सोय वरच्या डेकवरच्या ‘लिडो’ या मोठ्या बुफेमध्ये आहे, आणि शाकाहारी व जैन मंडळींचीही तिथंच. तिकिटाच्या पैशात हे जेवण धरलेलं असतं. इतर काही रेस्टॉरंटमध्ये वेगळे पैसे मोजावे लागतात. आम्ही तिन्ही दिवस लिडोतच जेवलो आणि एकदाही कंटाळा आला नाही.

दुसऱ्या जहाजांवर अशी तयार सोय असेलच असं नाही. युरोप-अमेरिकेकडच्या बहुतेक मोठ्या क्रूझवर हलाल जेवण हवं असेल तर ते तिकीट काढतानाच, निघण्याच्या बरेच आठवडे आधी लेखी कळवावं लागतं. चढल्यावर सांगितलं तर मासळी, अंडी आणि भाज्या यांवर भागवावं लागतं.

प्रमाणपत्र असो वा नसो, काही प्रश्न विचारायची सवय ठेवावी. मांस हलाल आहे का? रश्श्यात किंवा सॉसमध्ये वाइन घातली आहे का? तळण्याचं तेल आणि वाढण्याचे चमचे वेगळे आहेत का? गोड पदार्थांपाशी आणखी एक प्रश्न. जेली, मूस आणि काही चीजकेकमध्ये जिलेटिन असतं, ते कशापासूनचं आहे? फळं, खीर आणि नारळाच्या मिठाया यांच्याजवळ हा प्रश्न सहसा उरत नाही.

पहिल्या दुपारी माझी मुलगी मला कोपरानं ढोसत होती, “अम्मी, सारखं काय विचारतेस? लोक बघतात.” तेवढ्यात आमच्या पुढच्या गुजराती काकूंनी शेफला विचारलं, यात कांदा-लसूण आहे का? त्यांच्या पुढे एक चिनी आजी नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे म्हणून प्रत्येक भांड्याची चौकशी करत होत्या. शेफ तिघींनाही सारख्याच शांतपणे उत्तर देत होता. एका पदार्थाबद्दल त्याला खात्री नव्हती, तर तो आत जाऊन विचारून आला. मुलीला म्हटलं, “बघ, इथं प्रत्येक जण काहीतरी विचारतोच आहे.” दुसऱ्या दिवशी जिलेटिनचा प्रश्न तिनंच विचारला, आणि तोही इंग्रजीत, माझ्यापेक्षा बऱ्या उच्चारात.

रिकाम्या हातानं एक फेरी

अम्मीची काळजी मला सगळ्यात जास्त होती. ती सत्तरीच्या पुढची. आधीच्या दोन सहलींत तिनं चहा, केळी आणि बिस्किटांवर दिवस काढले होते. या वेळीही बॅग भरताना तिनं काजूची बंद पाकिटं, आंबापोळी आणि लिंबाचं लोणचं हळूच सरकवलं होतं.

तिचं बोटीशी नातं मात्र जुनं आहे. कोकणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या मुसलमान वस्त्यांमध्ये एके काळी क्वचितच असं घर असे की ज्यातलं कुणी बोटीवर नाही. कुणी खलाशी, कुणी तांडेल, कुणी सारंग. मुंबईहून सुटणाऱ्या विलायती कंपन्यांच्या बोटींवर डेकवरची माणसं कोकणातली असत. साहेब लोकांच्या जेवणाकडे गोव्याची ख्रिस्ती मंडळी बघत, आणि खलाशांचा भात-कालवण रांधणाऱ्याला म्हणत भंडारी. माझे अब्बा मालवाहू बोटींवर बावीस वर्षं भंडारी होते. अम्मीनं बोट पाहिली ती धक्क्यावरून. बोटीत पाऊल टाकलं ते या सहलीत, अब्बांच्या इंतकालानंतर अकरा वर्षांनी.

लिडोत शिरल्यावर मुलं ताटांकडे धावली. अम्मीनं दोघांना मनगटाला धरून थांबवलं. “आधी रिकाम्या हातानं एक फेरी. काय काय आहे ते बघायचं, मग ताट घ्यायचं.” आम्ही आठही जण अक्षरशः हात मागे बांधून त्या लांबलचक काउंटरांवरून फिरून आलो. सूप, सॅलड, चिनी नूडल्स, भाज्यांचे प्रकार, डाळ, बिर्याणी, मलय रस्से, पाव, फळं, मिठाया. फेरी संपेपर्यंत डोळ्यांची भूक बरीच शमलेली असते आणि पोटाची तेवढी उरते. मग जे खरंच चाखायचं आहे तेच ताटात येतं. बुफेला जाणाऱ्या कुठल्याही कुटुंबाला मी हीच एक गोष्ट आधी सांगेन.

सकाळच्या नाश्त्याला नासी लेमाक होता. मलेशियाचा हा आवडता पदार्थ म्हणजे नारळाच्या रसात शिजवलेला भात, त्याबरोबर मिरचीचा झणझणीत सांबाल, उकडलेलं अंडं, काकडी, शेंगदाणे आणि तळलेली सुकी बारीक मासळी. अम्मीनं एक मासा चिमटीत धरून वास घेतला. “ही तर आपल्या सुकटीच्या जातीची.” नारळाचा रस, भात आणि सुकी मासळी. कोकणातल्या माणसाला यात परकं काय वाटणार? तिनं दोनदा भात घेतला. सांबालमध्ये सुकवलेल्या कोळंबीचं कुटलेलं वाटण असतं हे कळल्यावर तिनं आमच्या सोड्यांच्या चटणीशी त्याची तुलना सुरू केली. लोणच्याची बरणी तीन दिवसांत उघडली गेली नाही.

माझी नणंद औरंगाबादची. तिची जीभ नान-खलियावर वाढलेली. मासळीच्या काउंटरवर तर आमच्या घरातले दोन मजहब समोरासमोर उभे राहिले. आम्ही कोकणी शाफई, त्यामुळे कोळंबी आणि माकुल आम्हांला चालतं. सासरची मंडळी हनफी. माकुल त्यांच्याकडे खात नाहीत आणि झिंगा खावा की नाही यावर हनफी घरांत आजही वाद होतात. नणंदेचे शोहर म्हणाले, “भाभी, तुमचं बरं आहे, अर्धा समुद्र तुम्हांला जास्त मिळाला.” त्यांनी रेंदांग घेतलं. नारळाच्या रसात मसाले घालून रस पार आटेपर्यंत शिजवलेलं हे गोमांस. पहिल्या घासानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “खलियाच्या खानदानातलं आहे.”

पराठ्याच्या काउंटरवर रोटी चनाई मिळत होती. हिंदुस्थानातून गेलेल्या लोकांनी मलेशियात नेलेला हा पापुद्र्यांचा पराठा. आचारी पिठाचा गोळा हवेत फिरवून रुमालासारखा पातळ करतो, घडी घालतो आणि तव्यावर टाकतो. माझा मुलगा तिथं इतका वेळ उभा राहिला की तिसऱ्या दिवशी आचाऱ्यानं त्याच्या हातात एक गोळा दिला. त्याचा पराठा कुठल्याच आकाराचा झाला नाही, पण तो त्यानंच खाल्ला.

पिनांगची कावड

वाटेत आमचं जहाज पिनांगला लागलं. धक्का जॉर्ज टाऊनच्या जुन्या शहराला लागूनच आहे, त्यामुळे पायी फिरता येतं. 2008 पासून हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. थोड्या अंतरावर कापितान केलिंग मशीद आहे, 1801 साली इथं आलेल्या हिंदुस्थानी मुसलमानांनी उभी केलेली. तिथं नमाज अदा करून आम्ही जवळच्याच गल्लीत नासी कांदार खायला बसलो.

‘नासी’ म्हणजे भात आणि ‘कांदार’ म्हणजे खांद्यावरचा दांडा, आपली कावड. तमिळ मुसलमान फेरीवाले एका टोकाला भाताचं भांडं आणि दुसऱ्या टोकाला कालवणाचं भांडं अडकवून सकाळी बंदरावर जात आणि हमालांना खाऊ घालत. कावड गेली, दुकानं आली, नाव तेच राहिलं. आता थाळीत भात घेतला की मासा, कोंबडी, भेंडी असं हवं ते त्यावर ठेवतात आणि मग तीन-चार वेगवेगळे रस्से एकमेकांत मिसळून वरून ओततात. रस्सा भरपूर हवा असेल तर ‘बांजिर’ म्हणायचं, म्हणजे पूर. आम्ही आठांनी पाच थाळ्या घेतल्या आणि वाटून खाल्ल्या. बोटीवरच्या बुफेत सगळं छान असलं तरी एवढा तिखट, गरम, रस्त्याच्या कडेचा रस्सा तिथं नसतो. क्रूझवर गेलात तर बंदरावरचं एक जेवण बाहेर घ्या. बोटीवरचं जेवण आधीच पैसे भरलेलं आहे म्हणून ते सोडायला जीव होत नाही, पण बंदर परत लवकर भेटत नाही.

नऊ महिने

आमच्या टेबलांकडे बघणारा वेटर इंडोनेशियाचा होता. अम्मीला पाहताच त्यानं सलाम केला. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यामार्फत त्याला विचारलं, “किती महिन्यांनी घरी जातोस?” तो म्हणाला, “नऊ.” मी भाषांतर करण्याआधीच अम्मीला कळलं होतं. तिनं बोटं मोजायला सुरुवात केली होती. अब्बाही नऊ-दहा महिन्यांनी घरी येत. त्या तरुणाची मुलगी दोन वर्षांची होती. ती फोनवर त्याला ओळखते, हे त्यानं अभिमानानं सांगितलं.

अम्मीला बोटीचं स्वयंपाकघर बघायचं होतं. प्रवाशांना तिथं सहज जाता येत नाही, पण त्यानं तिच्या प्रश्नांची उत्तरं दिली. आत कुठंही उघडी ज्योत नसते. समुद्रात आगीइतकं भय कशाचं नाही, म्हणून सगळं विजेवर शिजतं. शेगड्यांच्या कडेला धातूचे कठडे असतात, बोट हलली तरी पातेलं घसरत नाही. यावर अम्मी म्हणाली, “हे कठडे अब्बांच्या बोटीवरही होते. पत्रात लिहायचे, वादळात एका हातानं पातेलं धरतो आणि दुसऱ्या हातानं भात वाढतो.”

अब्बांचं आणखी एक सांगणं ती नेहमी सांगते. भंडाऱ्याची कसोटी म्हणजे पातेलं रिकामं झालं पाहिजे, पण शेवटच्या माणसाला कमी पडता कामा नये. तो शेवटचा माणूस म्हणजे भंडारी स्वतः. सगळे जेवून उठले की उरेल ते तो खायचा.

हे ऐकल्यावर आजूबाजूच्या टेबलांवरची भरलेली, अर्धवट सोडलेली ताटं बघवत नव्हती. पैसे वसूल करायच्या नादात लोक डोंगर रचतात आणि दोन घास खाऊन उठतात. इसराफ आपल्या दीनमध्ये मना आहे हे आपण मुलांना तोंडपाठ करून घेतो. बोटीवर मी त्यांना त्याचा पुढचा भागही सांगितला. बोटीवर उरलेलं अन्न गाई-शेळ्यांना घालता येत नाही की दारात ठेवता येत नाही. जहाजांच्या कचऱ्याबद्दल मारपोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यानुसार अन्नाचा कचरा यंत्रात बारीक केलेला असेल तर किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैल दूर, आणि तसाच असेल तर किमान बारा मैल दूर गेल्यावरच समुद्रात सोडता येतो. काही समुद्रांत नियम याहून कडक आहेत. म्हणजे कुणीतरी पिकवलेलं, कुणीतरी घरापासून नऊ महिने दूर राहून शिजवलेलं अन्न शेवटी दळून पाण्यात. दोन्ही मुलांची ताटं त्यानंतर स्वच्छ राहिली. मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

शेवटच्या रात्री अम्मीनं काजूचं बंद पाकीट त्या वेटरच्या हातात दिलं. “घरी जाशील तेव्हा लेकीला दे.” त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं

इलेक्ट्रिक कुकर, पाणी तापवायचा हिटर, इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीनं ती काढून घेतात. घरी शिजवलेलं अन्नही बहुतेक क्रूझवर चढू देत नाहीत, बंद पाकिटातला सुका खाऊ चालतो. बुफेत शिरताना हात धुवा, कारण बोटीवर पोटाचे आजार झपाट्यानं पसरतात. तिकिटाशिवाय बंदराचे शुल्क आणि दररोजचं माणशी सेवाशुल्क वेगळं द्यावं लागतं, शीतपेयं आणि इंटरनेटचेही सहसा वेगळे पैसे पडतात. आधीच सगळा हिशेब विचारून घ्या. बोट परत सिंगापूरलाच येते, त्यामुळे व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीनं वेढलेली असल्यानं पाणी बहुधा शांत असतं, आमच्यात कुणालाही बोट लागली नाही. तरी आल्याच्या गोळ्या जवळ असाव्यात. बोट दिशा बदलत राहते, म्हणून प्रत्येक नमाजेच्या वेळी होकायंत्रावर किब्ला नव्यानं बघा.

सगळे एका वेळी

बोटीवरचं सगळ्यात चविष्ट काय होतं, असं मला विचारतात तेव्हा मी रेंदांग सांगते, नासी लेमाक सांगते. पण अम्मीचं उत्तर वेगळं आहे.

शेवटच्या रात्री वेटरनं आमच्यासाठी दोन टेबलं जोडून दिली होती. बाहेर अंधारात लांबवर दुसऱ्या जहाजांचे दिवे दिसत होते. आठही जण ताटं घेऊन बसलो, बिस्मिल्लाह म्हटलं आणि जेवायला लागलो. थोड्या वेळानं अम्मी म्हणाली, “लग्न झाल्यापासून मी अशी सगळ्यांबरोबर पहिल्या घासाला कधी बसले नव्हते.”

टेबलावर कुणी काही बोललं नाही. ते खरंच होतं. आमच्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात लागते, आणि जी भाकरी करते ती शेवटी बसते, सगळ्यांचं झाल्यावर, उरलेल्या कालवणावर. ईदच्या दिवशीही. तिकडे बोटीवर अब्बा शेवटी जेवत होते आणि इकडे घरी ती शेवटी जेवत होती, पण या गोष्टीला कधी कुणी नाव दिलं नव्हतं. गरम भाकरीच्या हट्टापायी आपल्या घरांतल्या किती आया-बहिणी हेच करत आल्या असतील.

त्यासाठी प्रत्येकानं सिंगापूरला जायची गरज नाही. आमच्या घरी आता रविवारी भाकऱ्या आधी होतात. निम्म्या मी भाजते, निम्म्या मुलांचे अब्बा आणि मुलगा मिळून. दोघांच्या भाकऱ्या अजून कडेला फाटतात. सगळ्या टोपलीत फडक्याखाली जातात, मग दस्तरखान पसरला जातो आणि अम्मीसकट सगळे एकदम बसतात. चुलीपाशी कुणी उभं नसतं. भाकरी थोडी निवलेली असते. त्याची अजून कुणी तक्रार केलेली नाही.